सोबतीचा रकाना

५ मार्च

ती. ताईस,

आई गेली त्या तारखेला दर वर्षी आपण एकमेकांना एक पत्र लिहितो आणि त्यात हवापाण्याखेरीज काही नसतं. यंदा ती तारीख यायला अजून चार महिने आहेत. म्हणजे काहीतरी घडलंय, हे तू पाकीट पाहूनच ओळखलं असशील.

माझ्या मोठ्या आतड्यात गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून जागची हललेली नाही. आतड्याचा तेवढा तुकडा काढायचा आणि टोकं जोडायची. १४ एप्रिल ही तारीख दिली आहे. मी विचारलं, "आणि नाही काढली तर?" त्या म्हणाल्या, "मग पुढची तारीख मी देणार नाही, ती देईल." बाई फटकळ आहेत, पण मला आवडल्या.

त्यांनी बारीक अक्षरातली चार पानं दिली, एक फॉर्म दिला आणि तीन चेंडूंची एक प्लॅस्टिकची डबी दिली, श्वासाचा व्यायाम म्हणून. पस्तीस वर्षं मी गावभरचे वजनकाटे दुरुस्त करतोय. दुसऱ्याचा काटा हलला की कारण शोधतो. स्वतःचा हलायला लागल्यावर कुणाला विचारायचं? तू रोज माणसांना शस्त्रक्रियेसाठी तयार करतेस, म्हणून तुला विचारतोय. करावी का?

फोन करू नकोस. मागे दोनदा केलास आणि दोन्ही वेळा आपण एकमेकांचा श्वास ऐकत बसलो. लिही.

तुझा,
तोळ्या

ता.क. आई मला तोळामासा म्हणायची, ते आता खरं ठरायला लागलंय.

---

९ मार्च

चि. तोळ्यास अनेक आशीर्वाद.

करावी. हा शब्द सर्वांत आधी लिहिते, म्हणजे बाकीचे पत्र तू शांतपणे वाचशील.

आता तुझ्याच भाषेत सांगते. काट्यावर वजन ठेवण्यापूर्वी तू काय करतोस? फळी समतल करतोस, पारडी पुसतोस, काटा शून्यावर आणतोस. मगच वजन. लोकांना वाटते, शस्त्रक्रिया म्हणजे फक्त वजन ठेवण्याचा क्षण. मी तीस वर्षे रुग्णालयाच्या या कक्षात सांगत आले आहे, की निकालाचा बराचसा भाग फळी समतल करतानाच ठरतो. आपल्या हातात पाच आठवडे आहेत आणि पाच आठवड्यांत काय काय घडू शकते हे मी इतक्यांदा पाहिले आहे, की लिहितानाही मला हुरूप येतो!

पहिली गोष्ट सिगारेट. आज बंद, कमी नव्हे, बंद. धुराने फुफ्फुसातला कचरा बाहेर ढकलणारी यंत्रणा लुळी पडते. ती पुन्हा कामाला लागायला काही आठवडे घेते, आणि तेवढेच आपल्याकडे आहेत. शिवाय धूर थांबला की रक्त जखमेपर्यंत प्राणवायू नीट पोहोचवते, म्हणून शिवण लवकर धरते. दुसरी गोष्ट अन्न. शरीर जखम भरते ते स्वतःच्याच साठ्यातून. साठा नसेल तर स्नायू मोडून वापरते. अंडी, दूध, डाळी आणि लोहाच्या गोळ्या. तिसरी गोष्ट चालणे आणि जिने. चौथी ती तीन चेंडूंची डबी, जिच्यावर माझे फार प्रेम आहे: नळी तोंडात धरायची, चेंडू वर उचलायचे आणि तीन मोजेपर्यंत धरून ठेवायचे. तासाला दहा वेळा. भुलीनंतर फुफ्फुसाचे खालचे कोपरे मिटून राहतात. ते उघडायला जी ताकद लागते, ती आधीच कमावून ठेवायची.

दर आठवड्याला मला चार आकडे पाठव: वजन, सिगारेटी, जिने, चेंडू.

आणि फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक रकाना असेल: 'शस्त्रक्रियेनंतर सोबत राहणारी व्यक्ती व नाते'. लोक तो घाईघाईत भरतात. मी मात्र प्रत्येक फाईल शेवटच्या पानापासून वाचते. जखम किती मोठी होती हे पहिल्या पानावर असते. माणूस घरी गेल्यावर त्याला उठवणार कोण, हे शेवटच्या. तुझ्या त्या रकान्यात काय लिहिले आहेस?

तुझी,
ताई

---

१६ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र मी दुकानात, मोठ्या काट्यावर ठेवून वाचलं. बावीस ग्रॅम. माझ्या आयुष्यात इतकं जड पत्र आलेलं नाही.

आकडे असे: वजन ५४.२००. सिगारेटी सहावरून दोन. जिने दिवसाला सहा वेळा. चेंडू शून्य.

चेंडूंचं कारण सांगतो, पण हसू नकोस. पाच दिवस मी नळीत जीव खाऊन फुंकत होतो आणि चेंडू ढिम्म. मी ठरवलं, यंत्र सदोष आहे. शेवटी पान्याने डबी उघडली, चेंडू वजन करून पाहिले, आतली वाट तपासली, सगळं ठीक. परत बसवली, परत फुंकलं, परत ढिम्म. शेजारचे शिंपीमास्तर बघत होते. म्हणाले, "अरे काटेवाल्या, सरबत पितोस ना नळीने, तसं ओढ की!" ओढलं, तर दोन चेंडू टणकन वर. माझा छातीठोकपणा तिथेच फुस्स झाला. यंत्र बरोबर होतं, कारागीर उलटा होता.

जेवणाची काळजी करू नकोस. पोटभर जेवतो, मजेत आहे. रकान्यात शिंपीमास्तरांना लिहिलंय, नातं शेजारी. ते ऐंशीचे आहेत, त्यामुळे कोण कुणाला धरून उठवेल ते त्या दिवशीच ठरेल.

एक विनंती. सकाळी उपाशी का ठेवतात, ते मात्र लिहू नकोस. मला माहीत आहे.

तोळ्या

---

२० मार्च

चि. तोळ्या,

फुंकणारा तू पहिला नाहीस. माझ्या कक्षात दहांपैकी सात जण फुंकतातच. परंतु पाना घेऊन डबी उघडणारा तू एकटाच. तुझे पत्र मी कक्षातल्या सगळ्या नर्स मुलींना वाचून दाखवले. त्या विचारत होत्या, हे भाऊ इतके गमतीदार आहेत, तर कधी दिसले कसे नाहीत? मी म्हणाले, दूर असतात.

आता रागावते. गेल्या वर्षीच्या पत्रात तू सहज लिहिले होतेस, नवा काटा तपासायला स्वतः उभा राहिलो, अठ्ठावन्न भरलो. आज चोपन्न. शब्दांत तू मला हवे तितके फसवू शकतोस. आकड्यात खोटे लिहायला तुझा हात धजत नाही. पोटभर जेवणाऱ्या माणसाचे वजन असे उतरत नसते. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. मीही पुष्कळदा उभ्या उभ्या जेवते. तरीही उद्यापासून दिवसाला तीन अंडी आणि झोपताना दूध. दोन सिगारेटींचे शून्य कर; दोन म्हणजे कमी नव्हे, दोन म्हणजे दोन.

पोटावर उशी घट्ट दाबून खोकायला आतापासून शीक. शिवणीला आधार मिळतो. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नकोस. न दिसणाऱ्या खरचटण्यातून जंतू शिरतात. अंगठी घरी ठेव.

तू लिहू नकोस म्हणालास, पण पान अपुरे ठेवण्याची मला सवय नाही. भूल दिली की गिळण्यावरचा पहारेकरीही झोपतो. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते आणि फुफ्फुस बिघडते. म्हणून अन्न आणि दुधाचा चहा सहा तास आधी बंद. स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. कोणी प्रेमाने काही दिले तरी घ्यायचे नाही.

शिंपीमास्तरांना माझा नमस्कार सांग. रकान्याबद्दल मी काही म्हणत नाही.

ताई

---

२५ मार्च

ताई,

'कोणी प्रेमाने काही दिले तरी.' हे वाक्य तू माझ्यासाठी लिहिलंस की माझ्याविषयी?

त्या सकाळी आई म्हणाली, "बाळा, घसा सुकलाय रे, अर्धा कप दे." मी दिला. दुधाचा. तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी ती धापा टाकत गेली, आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "तुझ्या चहाने मारलं तिला." अकरा वर्षांत मी त्यावर तुला एक अक्षर लिहिलेलं नाही, कारण तुला या कामातलं कळतं आणि मला नाही. तो कप दुकानात अजून आहे. त्यात स्क्रू ठेवतो.

कालच डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी पाठवली, १४ तारीख रद्द करा. घाबरलो असं समज हवं तर. पण मी माप लावणारा माणूस आहे, आणि मला वाटतं या मापाला माझं वजन बरोबर बसतंय. आईला मी टेबलावर नीट पोचू दिलं नाही. मग मला कुणी का पोचवावं?

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू शिकवलेलं सगळं खरं आहे. आज चेंडू तीन उचलले.

तोळ्या

---

२८ मार्च

तोळ्या,

ही चिठ्ठी वाचायच्या आधी उठ आणि डॉक्टरीणबाईंकडे जा. तारीख रद्द करू नका म्हणून सांग. मग परत येऊन वाच.

आई चहाने गेली नाही.

आज क्रमाने लिहिता येत नाहीये, तरी लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम करून घेणारा माणूस तिला उभं करायला आला होता. खुब्यानंतर लगेच उभं करतात, पायातलं रक्त साकळू नये म्हणून. तिला फार दुखत होतं. माझा हात धरून रडली. म्हणाली, "आज नको गं, उद्या." मी त्या माणसाला परत पाठवलं. म्हणाले, मी इथलीच आहे, मला कळतं, उद्या या. तिसऱ्या दिवशीही परत पाठवलं. हजार माणसांना मी त्यांच्या रडण्याकडे लक्ष न देता उठवलंय. आईला नाही उठवलं.

पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात गेली. शवविच्छेदनाचा शेवटचा अहवाल मला तीन आठवड्यांनी पोस्टाने आला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: गुठळी. श्वासनलिकेत अन्नाचा अंश नाही. तुझ्या अर्ध्या कपाने काहीही झालं नव्हतं.

तो कागद घेऊन मी तुझ्याकडे निघाले होते. खरंच निघाले होते, बॅग भरली होती. मग वाटलं, तुला कागद दाखवला की तू विचारशील, गुठळी कशाने? आणि मला तुझ्याशी खोटं बोलता आलं नसतं. म्हणून बॅग रिकामी केली. एक दिवस गेला, मग एक वर्ष, आणि पुढे पुढे इतका उशीर झाला की तो उशीरच नवा गुन्हा झाला.

त्यानंतर माझ्या कक्षात एकही रुग्ण दुसऱ्या दिवशी झोपून राहिलेला नाही. मुली मला पाठीमागे 'उठवणी' म्हणतात. त्यांना वाटतं, माझा स्वभाव कडक आहे.

तुझं माप चुकलंय, तोळ्या. पारड्यात ठेवलेलं वजन तुझं नव्हतं, माझं होतं, आणि मी तुला ते उचलू दिलं. क्षमा मागत नाही, तेवढा हक्क राहिलेला नाही. फक्त १४ तारखेला जा.

अहवालाची प्रत सोबत आहे.

ताई

---

१ एप्रिल

पत्र पोचलं. अहवाल दोनदा वाचला.

अकरा वर्षं, ताई.

---

५ एप्रिल

तोळ्या,

चार ओळींचंसुद्धा पत्र नव्हतं ते, तरी दोन दिवस पर्समध्ये घालून हिंडले.

राग धर. मी समजावणार नाही. आयुष्यभर सगळ्यांना समजावत आले, पण याला शास्त्र नाही.

संध्याकाळी कक्ष रिकामा झाला की मी खिडकीशी बसते आणि मनात तुझं दुकान मांडते. दारातून उजवीकडे मोठा काटा, फळीवर उतरत्या क्रमाने मांडलेली पितळी वजनं, आणि सर्वांत लहान वजन चिमट्याने उचलताना तू रोखून धरलेला श्वास. लहानपणी आपण एका गादीवर झोपायचो, तेव्हा तुझा श्वास मोजत मला झोप लागायची. माझ्या धंद्याची पहिली शिकवणी तीच. अकरा वर्षांत दुकानाची मांडणी तू बदलली असशील, आणि मी जुन्याच जागी वजनं ठेवत बसले आहे.

तारीख ठेवलीस की नाही, एवढंही मला माहीत नाही. पत्र नको लिहूस. एक आकडा पाठव. कुठलाही.

ताई

---

८ एप्रिल

ती. ताईस,

वजन ५५.१००. सिगारेटी शून्य, नऊ दिवस झाले. जिने दहा. चेंडू तीन, पाच मोजेपर्यंत.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. म्हणाल्या, "तुमची चिठ्ठी मी फाईललाच लावली नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या चिठ्ठीला आठवडाभर वाळू द्यायचं असतं." तारीख आहे तीच.

राग आहे. खोटं कशाला लिहू? तीन दिवस मी तुझ्याशी मोठमोठ्याने भांडलो, शिंपीमास्तर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "कुणाशी रे?" म्हटलं, बहिणीशी. ते म्हणाले, "मग आत घे की तिला, रस्त्याला ऐकू जातंय."

चौथ्या दिवशी राग थोडा बसला, आणि मग एकच चित्र डोळ्यांपुढे येत राहिलं: भरलेली बॅग. तू निघाली होतीस. मी इकडे अकरा वर्षं दाराची घंटा वाजली की वर बघायचो, आणि तू तिकडे भरलेली बॅग रिकामी करून बसली होतीस. आपण दोघांनी आईचे लाडच केले, ताई. मी अर्धा कप, तू दोन सकाळी. तिने मागितलं आणि आपल्याला नाही म्हणता आलं नाही, इतकंच.

दुकानाची मांडणी बदललेली नाही. कप मात्र धुऊन ठेवला आहे. स्क्रू डबीत घातले.

फॉर्म परत मागून आणला आणि शेवटचं पान दुरुस्त केलं. मास्तरांना खाडाखोडीचं वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखे दिसले. प्रत पाठवतोय. तू शेवटच्या पानापासून वाचतेस, म्हणून तेवढंच पान आहे.

'सोबत राहणारी व्यक्ती: ताई. नाते: थोरली बहीण.'

तू १३ ला सकाळी सहाच्या गाडीने ये, मी स्टेशनवर घ्यायला येईन. ओळखू येईन ना? तीन किलो कमी आहे.

तोळ्या

---

१५ एप्रिल, दुपार

ताई,

तू समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली आहेस, तोंड उघडं टाकून. म्हणून लिहितोय. तोंडाने बोललो असतो, पण आपल्याला लिहायचीच सवय लागलीये, आणि काही गोष्टी समोरासमोर मला अजून जमत नाहीत.

काल टेबलावर नेताना तू दारापर्यंत आलीस. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यालं?" मी म्हणालो, "पाणी, साडेपाचला, अर्धा कप." तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस. अर्ध्या कपाचा हिशेब तिथे मिटला, असं मला वाटलं. पुढचं आठवत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठ पूर्ण निघाली, टोकं नीट जोडली. आता पुढचं काम माझं.

आज सकाळी नर्सबाईंनी मला खाटेच्या कडेला बसवलं आणि उभं राहा म्हणाल्या. पोटात कुणी विस्तव ठेवल्यासारखं झालं. मी उशी दाबली, तू शिकवलीस तशी, आणि तोंडातून निघून गेलं, "आज नको गं." आईचेच शब्द. बोलल्यावर मला कळलं. तू माझ्या दंडाखाली धरलेला हात सैल सोडलास. तुझा चेहरा मी पाहिला, ताई. तीस वर्षांची उठवणी, आणि तुला 'उठ' म्हणवेना. नर्सबाई म्हणाल्या, बरं, पाचला परत येते. तू खिडकीकडे तोंड करून उभी राहिलीस.

आता तीन वाजलेत. चेंडू दोन उचलले, चार मोजेपर्यंत.

पाचला नर्सबाई येतील. मला दुखणार आहे. मी रडणार आहे, उद्या म्हणणार आहे, कदाचित तुला वाईटसाईटही बोलेन, इतकं दुखतं. ते काहीएक ऐकू नकोस. दारापर्यंत चौदा पावलं आहेत, पडल्या पडल्या मोजून ठेवली आहेत. हात घट्ट धर आणि मला उठव.

तोळ्या